पहिला पसंतीक्रम

लातूर,
बुधवार, २१ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप नाना,

साष्टांग नमस्कार. काकूलाही सांगा.

सोमवारी संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत, "भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव आजवर कुठल्या पेशंटनं विचारलंय? एक सांग, मग बोलू." आणि फोन ठेवलात.  इथल्या दोन सीनियर मॅडमना विचारून पाहिलं. एक म्हणाल्या, "बारा वर्षांत एकानं विचारलं होतं. त्याला बिलावर सही कुणाची ते बघायचं होतं." तेव्हा हा मुद्दा तुमचा. पण बोलायचं तर मला आहेच, आणि फोनवर तुम्ही ऐकत नाही म्हणून हे पत्र.

तुळजापुरात शाकंभरीची गर्दी ओसरली असेल. काकूच्या गुडघ्याला मी दिलेली पट्टी ती बांधते का? बांधत नसणार. अणदूरहून आईचा फोन आला होता. बाबा शेळ्या सोडायला लवकर जातात आणि माझ्याशी बोलायचं टाळतात, असं म्हणाली. थोरल्या भावाचा, म्हणजे तुमचा, निरोप गेला की ते मान डोलावून कामाला लागतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आपल्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला, तो तुमच्यामुळं. अकरावी-बारावीची दोन वर्षं तुमच्या घरी राहिले. एसटीची ड्यूटी संपवून, कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच तुम्ही शिकवणीच्या दारात उभे असायचात. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच गेले सात महिने तुमच्याशी खोटं बोलत आले.

धाराशिवला वैजनाथरावांच्या घरी पाहुणे म्हणून गेलो होतो, तेव्हापासूनचं सांगते. पोह्यांच्या बशा बाजूला सारून त्यांनी नव्या हॉस्पिटलचा नकाशा टीपॉयवर पसरला. त्यांचा मुलगा रणधीर सर्जन, त्यांची खोली दर्शनी भागात. शेजारच्या खोलीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मॅडम, स्त्रीरोग'. तेव्हा माझा पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा निकाल लागायचा होता. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "बघ पोरी, सोयरीक जुळायच्या आदी खोली काढून ठिवलीय. असं नशीब कुनाचं असतंय?"

मी विचारलं, भूलतज्ज्ञ कुठं बसणार? रणधीर म्हणाले, "त्यांना खोली कशाला? बॅग घेऊन येतात, काम झालं की जातात." सगळे हसले. मीही हसले. मग मी त्यांना विचारलं, "दोघांची ड्यूटी एकाच दिवशी आली तर घरी स्वयंपाक कोण करणार?" ते म्हणाले, "आई आहे ना." आणि त्यांच्या आईकडं पाहिलं तर ती माऊली माझ्याकडं बघत होती.

परतताना गाडीत तुम्ही केवढे खुशीत होता! "बाळातपणाची डाक्टरीन म्हंजे गावोगाव नाव. बाया पाया पडतील, पेढं आणून देतील. भूल दिल्यावर मानसाला कळतंय व्हय, समोर कोन हुतं?"

पेढ्याचंच सांगते.

इथून पुढचं काकूला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

गेल्या वर्षी इंटर्नशिपमध्ये मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. कोणतं ते राहू द्या. आदल्या दिवशी सकाळी आठला कामावर आलेली मी, दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाही तिथंच होते. मधे दोन वेळा चहा आणि एक वडापाव. चार नंबरच्या खाटेवर पहिलटकरीण होती, सीमेकडच्या गावातली, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. कळा सोसत नव्हत्या. ती ओरडत होती. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हिला गप करा, बाकीच्या भितात." मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिच्या मांडीवर चापट मारली.

जोरात मारली, नाना. आवाज झाला. ती गप्प झाली. आणि त्या खोलीतल्या एकीनंही वळून पाहिलं नाही, कारण तिथं त्यात नवीन काही नव्हतं. मला मात्र तेव्हा काय वाटलं, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मला बरं वाटलं. शांतता झाली म्हणून बरं वाटलं.

तासाभरानं बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, सिझर करायचं ठरलं. भूल द्यायला गायत्री मॅडम आल्या. बॅग खांद्याला, केस कसेही बांधलेले, दुसऱ्या हॉस्पिटलातून धावत आलेल्या. आल्या आल्या त्या बाईच्या डोक्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?"

"शरणम्मा."

मी सकाळपासून तिच्याजवळ होते आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. माझ्यासाठी ती चार नंबर होती.

मॅडमनी तिला सांगितलं, पाठीत सुई टोचेन, मुंगी चावल्यासारखं होईल, मग पाय जड होतील, घाबरायचं नाही. पुढं ऑपरेशन चालू असताना एक डोळा मॉनिटरवर आणि एक हात तिच्या कपाळावर. रक्तदाब एकदा धाडकन खाली आला. सर्जननी मान वर करायच्या आत मॅडमनी औषध दिलं होतं. आवाज चढला नाही, घाई दिसली नाही. शरणम्माला तर कळलंही नाही. मी ट्रे धरून उभी होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे मला करायचंय. हेच.

चौथ्या दिवशी शरणम्माची सासू पेढे घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. तुम्ही म्हणता तस्संच. मी तो पेढा खाल्ला.

आता मार्कांचं. तुम्ही गल्लीत सांगताय की पोरीचे मार्क थोडक्यात हुकले, नाहीतर बाळंतपणाचीच शाखा मिळत होती. नाना, मार्क हुकलेले नाहीत. माझ्याहून मागं असलेल्या मुलीला इथंच ती जागा मिळाली. शिवलीला तिचं नाव. तिला ते काम जिवापाड आवडतं आणि ती कुणावर हात उचलणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणजे दोष शाखेचा नाही. मला ते काम आवडत नाही, एवढंच. हे साधं वाक्य लिहायला मला सात महिने लागले. फॉर्ममध्ये पहिला पसंतीक्रम काय भरला, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी स्त्रीरोग सांगितलं. भरलं होतं भूलशास्त्र. पहिलंही तेच, दुसरंही तेच, फक्त कॉलेज वेगळं.

पोरीच्या जातीनं घर बघून काम धरावं, असं काकू म्हणते. मीही घर बघितलंच की. इथं प्रवेश घ्यायच्या आधी सीनियरना एकच विचारलं, ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी झोपायला सोडतात का? त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा सोडतात, नाही सोडलं तर आम्ही भांडतो. मी म्हटलं, मलाही भांडणाऱ्यांत धरा. बत्तीस तास जागी असलेली हर्षाली कशी वागते, ते मी पाहिलंय. तशी बाई मला कुठल्या पेशंटजवळही नको आहे, आणि घरात लेकराजवळही नको आहे.

डिसेंबरात अभ्यासाच्या पुस्तकांसाठी सोलापूरला जाते असं सांगून गेले होते ना, तेव्हा शरणम्माच्या गावी गेले होते. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मला ओळखलं. म्हणाली, "तुमी मला मारलंव." मी म्हटलं, हो, चूक झाली, त्यासाठीच आले. तिनं चहा केला. लेकरू मांडीवर होतं, गुटगुटीत, पण माझ्याकडं दिलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. गायत्री मॅडम तिला आठवत नव्हत्या, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या आठवत नाहीत आणि मी आठवते! नाना, तुम्ही नावाचं म्हणता. मला असलं नाव नको.

रणधीरना मी स्वतःच फोन केला. ते शांतपणे बोलले. म्हणाले, "भूलतज्ज्ञ मला बोलावता येतो, बायको स्त्रीरोगतज्ज्ञच हवी." सरळ बोलले, मला राग आला नाही. मी म्हटलं, मग आपलं इथंच थांबू द्या. वैजनाथराव प्रवेशाच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायला तयार आहेत, तेव्हा शाखा बदलून घे, असा निरोप तुम्ही बाबांकडं धाडलात. त्यांना थांबवू नका. आणि बाबांना दोष देऊ नका, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

कागद तपासून घ्यायला म्हणून मी लातूरला आले, हेही अर्धंच खरं होतं. सोमवारी सकाळी मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा केली. दुपारी स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला. मिळालेली जागा मी कायम ठेवते, पुढच्या कुठल्याही फेरीत मला धरू नका, असा त्याचा अर्थ. कारकुनानं दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना? मागं घेता येत नाही." मी सही केली आणि शिक्का मारून घेतला. कालपासून कामावर आहे.

तुमची,
डॉ. हर्षाली धनाजी देवकते
कनिष्ठ निवासी, प्रथम वर्ष
बधिरीकरणशास्त्र विभाग