सोमवारी मी खोकड म्हणाले

अप्पा,

सोमवारी मी शेजारच्या शेतकऱ्याशी खोटं बोलले आणि माझ्या शब्दावर त्याने एक जनावर गोळी घालून मारलं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. या वर्षांत तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण उगाच कशाला, म्हणून लिहिलं नाही. हे ऐकून नेमकं काय झालं ते ज्याला कळेल असं दुसरं माणूस आता मला आठवत नाही.

आमचं गाव केंब्रिजच्या पुढे बसने पाऊण तासावर. त्यातलं शेवटचं घर माझं. मागे लाकडी कुंपण, कुंपणापलीकडे मेंढ्यांचं कुरण. तुमचे जावई गेल्यापासून घरात मी एकटीच होते. जानेवारीपासून मुलाचा कुत्रा आहे. मुलगा ब्रॅकनेलला आयटीत आहे. नव्या फ्लॅटमध्ये कुत्रा ठेवू देत नाहीत, म्हणून "आई, फक्त समरपर्यंत" असं म्हणून तो त्याला सोडून गेला. मोठा, काळपट-तपकिरी, अल्सेशियनचा अंश असलेला. मला कुत्र्यांचं कौतुक कधी नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. नऊ वर्षांची नात रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, तो मला नसतो. "आजी, तू बाजूला हो ना, त्याचा चेहरा दिसत नाही." मी बाजूला होते.

इथे लांडगा नाही, बिबट्या नाही. मेंढपाळाचा वैरी एकच, फॉक्स. इथली आपली माणसं त्याला कोल्हा म्हणतात. मीही म्हणते, पण तुम्हाला लिहिताना हात अडतो. कोल्हा वेगळा, खोकड वेगळं, नीट बघ, असं तुम्ही लगेच म्हणाला असता. तर खोकड. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या वितात तेव्हा ते अशक्त, नुकतं जन्मलेलं कोकरू उचलतं. त्याच दिवसांत त्याच्याही बिळात पिल्लं असतात. शेतकरी बंदूक घासूनपुसून ठेवतात आणि गावातली अर्धी माणसं त्यांच्याशी बोलेनाशी होतात. दर वर्षीचं आहे हे.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखं कुत्र्याला मागच्या दाराने बाहेर सोडलं आणि चहा टाकला. चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी तो आला नाही. कुंपणाची एक फळी खालून सुटली होती हे मला तेव्हाच दिसलं. तो परत आला तेव्हा पोटापर्यंत चिखलाने भरला होता, छातीवर रक्त होतं आणि ओठाच्या कडेला लोकर अडकली होती. शेपटी हलवत होता. मी काय केलं सांगते. मी त्याला वॉशिंग मशीनच्या खोलीत नेलं, कोमट पाण्याने दोनदा धुतलं, लोकर बोटांनी काढून कचऱ्यात टाकली, आणि फळीला आतून झाडाची जड कुंडी लावली. हे सगळं करताना मी एकदाही स्वतःशी म्हटलं नाही की मी हे का करते आहे.

अर्ध्या तासात शेतकरी दारात. माझ्याच वयाचा आहे. मला डॉक्टर म्हणतो. इथे मी जनावरांची डॉक्टर म्हणून एक दिवसही काम केलेलं नाही, प्रयोगशाळेत ऊतींचे काप करत निवृत्त झाले. पण पूर्वी एकदा त्याची एक मेलेली मेंढी मी उघडून दाखवली होती, तेव्हापासून.

"मॉर्निंग, डॉक्टर. जरा येता? दोन गेली."

गेले. दोन्ही कोकरं झुडपांच्या कडेला पडलेली. दहा-बारा दिवसांची, चांगली धडधाकट. दहा-बारा दिवसांचं धडधाकट कोकरू खोकड सहसा धरत नाही. मांड्या फाटलेल्या, मान जवळजवळ शाबूत. मी उभी होते तिथूनच सगळं दिसत होतं. वाकायचीही गरज नव्हती.

"फॉक्स ना?" त्याने विचारलं.

"फॉक्स," मी म्हणाले.

मंगळवारी सकाळी त्याने एका खोकडाला गोळी घातली. मला दाखवायला आणलं, क्वाड बाइकच्या मागे टाकून. मादी होती. पोटावरचे केस गळलेले, आचळं दुधाने टणक. "बीळ कुठे आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण तिथे काही करायला नको. पिल्लं आपोआप संपतील." मी मान हलवली. मान हलवायला मला काही कष्ट पडले नाहीत, हेही लिहून ठेवते.

तुम्हाला आठवत असेल ती उन्हाळ्याची सुट्टी. मी व्हेटर्नरी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुंबईहून घरी आले आहे, आणि तुम्ही दुसऱ्या गावी एका अडलेल्या म्हशीसाठी गेला आहात. माळावर उतरलेल्या मेंढपाळांचा माणूस तुम्हाला बोलवायला येतो. मी म्हणते, मी येते. उन्हात चालत जाते. मेंढ्यांच्या तळावर एक म्हातारी एका कोकराजवळ बसलेली आहे. गळ्याला दातांची भोकं, पोट फाडलेलं. "डॉक्टरची लेक न्हवं तू? मग सांग की बाई, लांडगंच हाय ना?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत आहेत. पहिल्यांदाच कोणी मला डॉक्टर समजून विचारत आहे. मी म्हणते, "लांडगाच." ओढ्याकाठच्या कपारीत लांडगीण व्यालेली आहे हे त्यांना माहीत होतं. मी परत निघायच्या आत त्यांनी कपारीच्या तोंडाशी काटक्या पेटवल्या. आतला आवाज मी ऐकला. बराच वेळ येत होता.

संध्याकाळी तुम्ही मोटरसायकलवरून तिथे गेलात आणि मलाही मागे बसवून नेलंत. कोकरू सोललंत. गळ्याला भोकं होती, पण कातड्याखाली रक्त साकळलेलं नव्हतं. मला बोट लावून बघायला लावलंत. जिवंत असताना चावलं तर आत काळंनिळं होतं. मेल्यावर चावलं तर नुसतं कातडं फाटतं. मग आतडी उघडलीत. आंत्रविषार, आतड्यांत विष होऊन कोकरं पटापट मरतात तो. कोकरू आपल्या रोगाने मेलं होतं, लांडग्याने मागाहून खाल्लं होतं. तुम्ही लस आणेपर्यंत आणखी नऊ गेली. त्यातली काही तरी, मी सकाळी तोंड बंद ठेवून तुमच्याकडे माणूस पाठवला असता तर, वाचली असती.

रात्रीच्या जेवणाला आपण स्वयंपाकघरात बसलो होतो. आई भाकरी वाढत होती. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "न सोलता बोललीस, ते शिकशील तसं जाईल. पण त्यांना जे ऐकायचं होतं ते बोललीस. त्याच्यावर लक्ष ठेव, ते जात नाही." आई म्हणाली, जेवू तरी द्या तिला. तुम्ही म्हणालात, जेवतेच आहे की. मी खरंच जेवत होते.

आता या आठवड्याकडे येते. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. एकही कोकरू मेलं नाही. मरेल कसं? कुत्रा घरात बंद होता. मी त्याला दोरीने बांधून रस्त्यावर फिरवून आणत होते आणि परत आणून दार लावत होते. शेतकऱ्याला वाटलं मादी मारल्यामुळे थांबलं. शुक्रवारी सकाळी तो डझनभर अंडी घेऊन आला, आणि एक कागद.

"तुमचं बरोबर निघालं, डॉक्टर. बघा, त्यानंतर एक नाही."

कागद गावच्या मंडळींसाठी होता. पिल्लांची आई मारली म्हणून काही जणांनी तक्रार केली होती. एकीने त्याच्या बायकोला दुकानात सगळ्यांसमोर खुनी म्हटलं. कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की कोकरं तज्ज्ञाने पाहिली आणि ती खोकडानेच मारली होती. खाली माझ्या सहीसाठी जागा.

"माझं कोण ऐकतंय," तो हसत म्हणाला. "तुम्ही शिकलेल्या. आणि त्यांना तुमची भीती वाटते, मलाही वाटते."

मी म्हटलं, कोकरं अजून आहेत का? होती. मेलेली जनावरं इथे पुरता येत नाहीत, झाकणाच्या पिंपात ठेवावी लागतात. न्यायची गाडी शनिवारी येणार होती. मी म्हटलं, मी अजून ती सोललेली नाहीत, न बघता सही करणार नाही. तो म्हणाला, आता काय बघायचंय? पण पिंप उघडून दिलं.

थंडी असल्याने फारसं सडलेलं नव्हतं. मी दोन्ही सोलली. मांड्यांवर, ढुंगणावर, कातड्याखाली सगळीकडे काळं रक्त. जिवंत असताना, पळत असताना, मागून, पुन्हा पुन्हा. मानेला काही नाही. एका मांडीवर सुळ्यांची जोडी स्वच्छ उमटली होती. तिच्यातलं अंतर मी दोऱ्याने मापलं, दोऱ्याला गाठी मारल्या आणि घरी आले. कुत्रा स्वयंपाकघरात पडला होता. खाली बसून मी त्याचं तोंड उघडलं. त्याला तो खेळ वाटला, माझं मनगट चाटायला लागला. गाठी दोन्ही सुळ्यांवर बरोबर बसल्या. मला हे सोमवारपासून माहीत होतं, अप्पा. तरी दोरा दुसऱ्यांदा लावून बघितला.

मी परत गेले. शेतकरी शेडच्या दाराशी उभा होता. त्याच्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी लिहिलं: कोकरं कुत्र्याने मारली; कुत्रा माझ्या घरातला; मला सोमवारी सकाळी कळलं होतं. सही केली. त्याने दोनदा वाचलं.

"सोमवारी?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"त्याच्या आधी."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "माझ्या बायकोला त्यांनी खुनी म्हटलं." आणि पुढे, "कुरणात सापडला असता तर मी तिथेच गोळी घातली असती, तो माझा हक्क होता. तुमच्या किचनमध्ये येऊन नाही घालणार. पोलिसांना तुम्ही फोन करता की मी करू?"

मी केला. मग मुलाला केला. तो एकदम सुटला. "आई, तुला कोणी विचारलं होतं? तो फॉक्स म्हणत होता ना, मग लेट इट बी फॉक्स! त्याला मारतील, कळतंय का तुला? पोरीला मी काय सांगू?"

"खरं सांग."

"तू अशीच आहेस. माझं शाळेतलं व्होल्कॅनोचं मॉडेल बाबांनी केलं होतं, ते पण टीचरला तूच जाऊन सांगितलं होतंस."

"त्यांनीच केलं होतं."

"आई, प्लीज!" त्याने फोन ठेवला. मागे नात विचारत होती, कोण आहे, आजी आहे का, त्याला दाखव ना.

काल दुपारी शेतकऱ्याकडून जागा विचारून घेऊन मी त्या बिळाशीही जाऊन आले. ओढ्याच्या उतारावर आहे. गुडघ्यावर बसले, कान लावला. काही ऐकू आलं नाही. तोंडाशी माश्या होत्या. माळावरच्या त्या दिवशी निदान मला काही कळत नव्हतं असं म्हणता येत होतं.

आज सकाळी पोलिसांतली एक बाई आली. तिशीतली, शेतीवाडीच्या तक्रारींचंच काम बघणारी, शांत. कुत्रा तिच्या बुटांचा वास घेत बसला. तिने सांगितलं की आधी तज्ज्ञ त्याचं वागणं तपासतील, मग कदाचित कोर्ट ठरवेल. हा पहिलाच प्रकार असेल तर बहुतेक वेळा अटी घालून परत देतात, किंवा शेतांपासून दूर दुसरं घर शोधतात. आधीही मेंढ्यांच्या मागे लागलेला असेल तर मात्र वेगळं. मग तिने पेन उघडून विचारलं, "याआधी कधी असं काही?"

मी म्हणाले, "नाही."

फेब्रुवारीत एकदा तो असाच कुंपणाबाहेर गेला होता. परत आला तेव्हा दातांत लोकर होती, रक्त नव्हतं. मी लोकर काढली आणि संध्याकाळी नातीचा फोन घेतला. त्या वेळी शेतकऱ्याला सांगितलं असतं, फळी ठोकली असती, तर आज दोन कोकरं, ती मादी आणि तिची पिल्लं असती. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कुठे सांगणार नाही, आणि हा कागदही मी कुठे पाठवणार नाही.

सुपूर्द केलं ते असं. कुत्रा एक, नर, वय तीन, प्रकृती उत्तम. चिपच्या नोंदणीचा कागद. लसीकरणाचं पुस्तक. कोकराचं कातडं, दोन तुकडे, पिशवीत बांधून. गाठी मारलेला दोरा. माझं लेखी निवेदन, दोन पानं, सोमवारपासूनचं.