ठोकळे नव्हे, विंटेज ब्रिक्स

५ ऑक्टोबर
खेळण्यातल्या प्लॅस्टिक ब्रिक्सचा इतिहास लिहायला घेतला. रोज दोन पानं. भाऊबीजेला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माझं व्याख्यान, शेवटी माझा विंटेज सेट दाखवणार. जुन्या बाजारात मूळ खोक्यासकट मिळालेला. अख्ख्या हडपसरमध्ये असा दुसरा नसावा.

६ ऑक्टोबर
पान शून्य. आधी मनात मांडणी व्हावी लागते.
बायको, तनुजा, विचारत होती, माळ्यावरचं ठोकळ्यांचं खोकं कधी हलवताय, फराळाचे डबे ठेवायचेत. घरात नियम केला: विंटेज ब्रिक्सच म्हणायचं. ठोकळे लाकडाचे असतात, आणि ते आपल्या घरात नाहीत. तनुजा म्हणाली, एक आहे.
बराच शोधला. सापडला नाही.

११ ऑक्टोबर
पहिलं वाक्य झालं. ‘सुरुवातीच्या ब्रिक्स आतून पोकळ होत्या, पुढे आत नळ्या आल्या, तेव्हा कुठे पकड आली.’ तनुजाला वाचून दाखवलं. म्हणाली, पोकळ असून एवढा भाव खातात? विषयात रस घेऊ लागली आहे.

१६ ऑक्टोबर, दुपारी, ऑफिस
मीटिंगमध्ये तनुजाचा फोन. आपली उत्कर्षा दिवाळीचा किल्ला करतेय, तटबंदीला ठोकळे घेऊ का? हवे तेवढे घे म्हणालो. ठोकळे आपल्याकडे नाहीतच. भाषा नेमकी असली की वाद होत नाहीत.

संध्याकाळी
ब्रिक्स चिखलात. खोकं फाडून पायऱ्या केल्यात. तनुजा म्हणाली, अहो, तुम्हीच हो म्हणालात. उत्कर्षा म्हणाली, बाबा, यांना पकडच नाहीये, चिखल लावावा लागतो. मला रडू आलं. उद्या सगळ्या काढणार. ठाम.

१९ ऑक्टोबर
काढल्या नाहीत. तटावर हळीव उगवलंय. उत्खननात घाई बरी नव्हे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
माझ्या व्याख्यानाच्या वेळेत किल्ल्यांचा बक्षीस समारंभ घुसवला. उत्कर्षाला पहिलं बक्षीस, ‘टाकाऊतून टिकाऊ’ गटात. परीक्षक गेनबाअण्णा. आमची सोसायटी त्यांच्याच रानावर उभी आहे. म्हणाले, भंगाराचं सोनं केलंस बघ, पोरी. टाळ्या. मग मला म्हणाले, तुमी बी बोला की दोन शब्द.
उभा राहिलो. इतिहास तोंडपाठ होता, वाक्य एकच असल्यामुळे. पण उत्कर्षा सर्टिफिकेट छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. म्हणालो, काही नाही, घरात जुने ठोकळे पडून होते.
तनुजाने वर पाहिलं.
बक्षिसात स्टीलचा डबा मिळाला. माळ्यावर ठेवला. जागा होती.