डावीकडची सीट

प्रिय रेवा,

फोनवर तू कशी आहेस विचारतेस आणि मी बरी आहे म्हणून मोकळी होते. बाबा शेजारी असतात, कुकर लागलेला असतो, तुझी तिकडे पुण्यात मीटिंग कधी सुरू होईल त्याचा नेम नसतो. म्हणून लिहायला बसलेय. मी फार दमलेय गं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच रडका सूर लागला तर रागावू नकोस.

बाबांची गाडी खाली पार्किंगमध्येच आहे हे तुला माहीत आहे, पण बाबांना ते पटत नव्हतं. त्या जुन्या, दोनच सीटच्या लाल एमजीसमोर उभे राहून म्हणायचे, ही माझी नव्हे, माझी कोणीतरी नेली. आणि निघायचे शोधायला. मी अंघोळीला गेले की हे कडी काढून पसार. एकदा थेट करंजाड्याच्या चौकात सापडले. पायात माझी चप्पल, आणि दिसेल त्याला गाडीचा नंबर सांगत होते. नंबर बरोबर होता बरं का. पण त्या दिवशी मी जी घाबरले ती घाबरलेलीच राहिले. उद्या हायवेवर गेले तर? झोपतानाही माझा एक कान दाराकडेच असायचा.

मग एका सकाळी त्यांनीच मला गाडीच्या आत वाकून दाखवलं. या सीट बघ केवढ्या उंच, माझ्या गाडीच्या बुटक्या होत्या, म्हणाले. खरंच होत्या. आम्ही ती गाडी घेतली तेव्हा तिच्या सीटची पाठ खांद्यांच्या खालीच संपायची. लाल कातडं आणि कडेने पांढरा गोट. त्यात बसलं की जमिनीवर फतकल मारल्यासारखं वाटायचं. तू पोटात होतीस तेव्हा मला त्यातून उठता येईना, म्हणून बाबांनी पुढच्या मॉडेलच्या उंच, मान टेकायची सोय असलेल्या सीट मिळवून बसवल्या. बारीक काड्यांचं स्टिअरिंग जाऊन जाडजूड आलं तेही तेव्हाच. थोडक्यात, तू येणार म्हणून ती गाडी बदलली, आणि बाबा आता त्याच्या आधीच कुठेतरी जाऊन बसलेत.

मी ठरवलं, गाडी होती तशी करायची. नसती उठाठेव म्हणाली असतीस, म्हणून तुला कळवलं नाही. जुन्या सीट आपटा गावच्या काशिरामभाऊंनी नेल्या होत्या, बाबांबरोबर कारखान्यात होते ते. गेले तर दोन्ही त्यांच्या पडवीत खुर्च्या म्हणून मांडलेल्या. एक धड होती. दुसरीत कोंबड्या अंडी घालत होत्या आणि स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या. मी कारण सांगितलं तसे भाऊ डोळे पुसत म्हणाले, वयनी, न्या की, इतकी वर्सं आमी बसलो, आता त्याला बसू द्या.

जुन्या पनवेलमध्ये कुंदन म्हणून एक सीट कव्हरवाला आहे. त्याने धड सीट उसवून तिच्या मापाने दुसरी उभी केली. रेक्झिन लावू या, कोणाला कळतंय, म्हणत होता. मी म्हटलं, ज्याला कळायला हवं त्याला हात लावताच कळेल, कातडंच लाव. मग गाडीच्या तळाची बोल्टची भोकं जुळेनात, तेव्हा त्याने लोखंडी पट्ट्या टाकून सीट बसवल्या. स्टिअरिंग मुंबईतल्या जुने पार्ट विकणाऱ्याकडे मिळालं. दारांच्या आतल्या पत्र्यालाही पूर्वीसारखं लाल कातडं लावून घेतलं. बॅटरी मात्र काढून ठेवली, घाबरू नकोस.

तयार झाल्यावर त्यांना खाली नेलं. त्यांनी सीटच्या पाठीवरून हात फिरवला, आत बसले आणि म्हणाले, मिळाली. असे हसले रेवा, की मी तिथेच भर पार्किंगमध्ये रडले. त्या दिवसापासून ते एकदाही बाहेर गेलेले नाहीत. मी दुपारची गाढ झोपले, कित्येक महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी मीही मोठ्या हौसेने डावीकडचं दार उघडलं, तर ते अगदी अदबीने म्हणाले, "अहो बाई, तिथे नका बसू. सुनीता येतेय."

मी म्हटलं, मीच सुनीता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हो का? तुमचंही नाव तेच?" म्हणाले, आणि पुन्हा गेटकडे बघत बसले.

तेव्हापासून हेच चाललंय. सकाळी जाऊन बसतात आणि ती आल्याशिवाय वर येणार नाही म्हणतात. ताट खाली नेलं तर म्हणतात, ती आल्यावर दोघं जेवू. संध्याकाळी अंधारलं की मुकाट्याने येतात आणि चार घास चिवडून झोपतात. गालफडं बसलीत. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण दुपारी पोटभर जेवायला घाला. उंच सीट कुंदनकडे अजून पडून आहेत, त्या परत बसवायचाही विचार केला. पण मग ते पुन्हा रस्त्यावर जातील. आणखी एक सांगायचं राहिलं. पूर्वी ते अधूनमधून विचारायचे, रेवा शाळेतून आली का. सीट बदलल्यापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. मला माझी चीड येते. त्यांच्यावरही येते. ज्या बाईची वाट बघतात तिच्यावर तर सगळ्यात जास्त येते.

रेवा, तू ये. तुझा चेहरा माझ्यावर गेलाय, अगदी लग्नातल्या फोटोतल्या माझ्यावर, हे तुझी आत्यासुद्धा नाइलाजाने कबूल करते. सरळ गाडीपाशी जा आणि डावीकडे बस. ते तुला सुनीता म्हणतील, तू चूक दाखवू नकोस. चला, वर जेवायला जाऊ, एवढंच म्हण. आईने मुलीकडे असलं काही मागू नये हे मला कळतं, पण माझ्याकडे दुसरं कोणी नाही. मी दोघांची ताटं वाढून ठेवीन. ही कोण, असं त्यांनी विचारलं, तर स्वयंपाकाच्या बाई आहेत म्हणून सांग.

तुझीच,
आई