तुझ्या नावापुढचा रकाना

प्रिय विरूपाक्ष,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. दहावीनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहून राहिलो, तेव्हा अक्षराला हसू नको. बातमी अशी की मला काम लागलं. चाळीस दिवसांचंच हाय, पण लागलं. गावातलं घर न् घर हिंडायचं, कोण काय करतो, कमाई वाढली का घटली ते विचारायचं अन् मोबाईलमधल्या फॉर्मात भरायचं. गळ्यात ओळखपत्र हाय. आमचे दादा ते बघून म्हणाले, "चला, आता कुत्री तरी तुझ्यावर भुंकायची थांबतील." थांबली नाहीत. वरच्या आळीत एक चावता चावता राहिलं.

पण माझं डोकंच चालंना झालंय. दोनशे चौदा घरं झाली अन् बेरोजगार निघाले तिघं. तिघंच! पारावर तर सकाळी अकराला चाळीस जण मोबाईल चोळत बसलेले असतात. त्यांच्या दारात जाऊन विचारलं की आया सांगतात, शेती करतो. तीन एकरांवर चार भाऊ, चौघंही शेतीच करतात. नाहीतर मग "शिकून राहिलाय". गुरुबसप्पा आप्पांना विचारलं, पाच वर्षांत उत्पन्न वाढलं का? म्हणाले, "सोयाबीनचं विचारतूस का पोराचं? सोयाबीन तरी वर्षातून एकदा येतंय." आता यावर कोणतं बटण दाबू? 'सांगता येत नाही' असं बटण असतं तर मी सगळं गाव त्यात घातलं असतं. मी स्वतःला मात्र 'काम करतो' भरलंय. शनिवारी काम संपतंय, तोवर तरी खोटं नाही ते.

हां, डब्याचं सांगायचं राहिलं. सकाळी सातची लातूर गाडी अजून तशीच हाय, ड्रायव्हरमामांच्या सीटमागं लातुरात शिकणाऱ्या पोरांच्या डब्यांची रांग. आधी वीस-वीस असायचे, आता सहा. बाकीच्यांनी मेस लावली, नाहीतर लातूरच सोडलं. तुझा तोच, निळ्या रंगानं 'वि' लिहिलेला. तू भरतीच्या अभ्यासाला अभ्यासिकेत गेलास तेव्हा मीच रंगवला होता, पंधरा दिवस माझी बोटं निळी होती. सात वर्षं झाली रे.

खरं सांगू? हे ओळखपत्र आणायला मागच्या महिन्यात मी लातूरला आलो होतो. काम अर्ध्या तासात संपलं, मग हिंडत हिंडत डाळमिलांकडं गेलो. का गेलो, मलाच ठाऊक नाही, भज्यांचा वास आला असेल. तिथं एका मिलच्या दारात तू दिसलास. डोक्याला टॉवेल, पाठीवर पोतं, भुवया पिवळ्याधमक. मी टेम्पोच्या आड झालो. हाक मारावी वाटलं, पण हाक मारल्यावर पुढं काय बोलायचं, ते सुचेना. गावात कोणाला बोललो नाही. आईशप्पथ.

काल फॉर्म भरायला तुमच्या घरी गेलो. उमाकाकू चुलीपुढं होत्या. एकेक नाव घेत तुझ्यावर आलो. तुझ्या नावापुढं तीनच बटणं: काम करतो, काम शोधतो, शिकतो. माझं बोट 'शिकतो'वर चाललं होतं, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब जरा." उठून तुझा डबा आणला अन् झाकणाची खाच बोटानं खरवडून माझ्यापुढं धरली. पिवळा कोंडा. "चुनी हाय ही. डाळ भरडताना निघती ती. म्हशीला घालण्यात जन्म गेला माझा, मला वळखू येत न्हाई व्हय?" आधी दोनदा दिसली तेव्हा त्यांना म्हणे वाटलं, पोरानं डबा कुठंतरी कोंड्यात ठेवला असंल. काल तिसऱ्यांदा दिसली. मला वाटलं आता रडतील, नाहीतर माझी गचांडी धरतील. त्या परत भाकरी थापायला बसल्या. अन् वर न बघता म्हणाल्या, "भुजंगा, दिसभर पोती उचलणाऱ्या माणसाला किती भाकरी लागत्यात रे?"

मी म्हणालो, सहा तरी. बोलून गेलो अन् मग कळलं, सगळंच सांगून बसलो. काकू एवढंच म्हणाल्या, "अन् मी तीनच देऊन राहिले." परातीत अजून पीठ घेतलं.

तुझा रकाना मी रिकामा सोडलाय. काकू म्हणतात, त्यालाच विचार, तो सांगल तेच भर. शनिवारी फॉर्म बंद होतो, म्हणून हा कागद आजच्या डब्यात भाकरींखाली ठेवलाय. काय भरू ते संध्याकाळच्या रिकाम्या डब्यात लिहून पाठव. 'शिकतो' म्हणालास तर तेच भरीन, काकूही काही बोलायच्या नाहीत. भाकरी मात्र सहाच येतील. अन् झाकण पुसत बसू नको आता.

शनिवारपर्यंत नोकरीत असलेला,
तुझाच भुजंग