पाण्याचा घोट

थोरले,

आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही, तर हे पत्र पेटीत काय टाकणार!

आज धाकट्या सुनेनं गिऱ्हाइकाच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. शिवी अगदी ओठांवर आली होती. पण हल्ली राग आला की मी पाण्याचा घोट तोंडात धरते आणि मनात देवाला म्हणते, ‘ही तुझीच लेक.’ घोट गिळून म्हटलं, “असू दे गं, उरलेल्या कापडात बसेल एक.”

“सासूबाई, तुम्ही देवमाणूस आहात!” म्हणाली.

तूही हीच चूक केली होतीस. मी भर दुकानात तुझ्या माहेरचा उद्धार केला आणि तुम्ही दोघं वेगळं बिऱ्हाड करून गेलात.

पाणी तेव्हाही हाताशीच होतं, थोरले. देवही होता.

तुझ्या नवऱ्याची आई