मेंढीची कॅसेट

९ जानेवारी १९९६, कोल्हार
शाळेत टीव्ही आला! व्हिडिओसुद्धा! माजी विद्यार्थ्यांनी दिला. हेडसर काकासाहेब म्हणाले, "जयमालाबाई, नववीचं इंग्रजी तुमचं. कॅसेटी तुम्हीच निवडा." एवढा विश्वास — बरं वाटलं.

११ जानेवारी
पुण्याहून मागवलेली कॅसेट लावली. साहेब-मडम हॉटेलात सूप मागवतात. 'आता तुम्ही मागवा' म्हटलं, तर वर्ग गप्प. इंग्रजी सोपं होतं, पण पोरांना त्या सुपाशी काय देणंघेणं!

१६ जानेवारी
कार्टून लावलं. सचिन उठून म्हणाला, "बाई, आमी बालवाडीतले हाय व्हय?" बरोबरच — मिसरूड फुटलंय त्याला!

२० जानेवारी
राहुरीला गेले, गोरक्षनाथच्या कॅसेटच्या दुकानात. घरी वाट पाहणारं कुणी नाही, दुपारभर तिथेच बसून पाहत राहिले. एकीत बोलणं भरभर, दुसरीत नुसती मारामारी, तिसरी वर्गात लावली तर नोकरीच जाईल! शेवटी त्यानेच माळ्यावरून एक काढली. विलायतेतली मेंढ्या पाळणारी बाई. मेंढी अडलीय, बाई एकटीच तिला सोडवतेय. बोलणं थोडं, सावकाश.
"घिऊन जा बाई, भाडं नको. ही कुनी नेतच न्हाई."
भलं होवो त्याचं.

२३ जानेवारी
आवाज बंद करून लावली. म्हटलं, ती बाई काय म्हणत असेल, इंग्रजीत तुम्ही सांगा. कोकराचे पाय दिसले आणि वर्ग उभाच राहिला! "पुल! पुल!" पोरं ओरडायला लागली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून — "नो! वेट! मदर इज टायर्ड!"
मनकर्णा! ऊसतोडीला पाथर्डीकडून आलेल्या छबूबाईची मुलगी. दिवाळीनंतर शाळेत आली, आजवर हजेरीला 'यस मॅडम' सोडून शब्द नाही. कुणी हसलं नाही. मग आवाज लावून पुन्हा दाखवली. ती बाई खरंच "वेट" म्हणाली! काय टाळ्या! डोळे भरून आले माझे.

३० जानेवारी
मनकर्णा आठवडाभर शाळेत नाही. ऊसतोडीच्या तळावर गेले. छबूबाई मोळी बांधत होती.
"लगीन ठरलंय तिचं. कारखाना बंद झाला की उरकायचं. लई दिवस ठिवून काय करू, बाई?"
चौदा वर्षांची पोर! वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, शनिवारी शाळेत या, लेक काय शिकते ते बघायला.
"बघू," म्हणाली.

३ फेब्रुवारी
आली! लेकीला आणि तळावरच्या आणखी बायांनाही घेऊन आली. हेडसरांनी स्वतः सतरंजी अंथरली. मनकर्णा टीव्हीशेजारी उभी राहून कॅसेटमधल्या बाईचं एकेक वाक्य मराठीत सांगत होती — न अडखळता. छबूबाई मेंढीकडे बघतच नव्हती. लेकीकडे बघत होती. लग्नाचा विषय मी काढला नाही. जे बघायला मिळालं, तेच पुष्कळ.

४ फेब्रुवारी
सकाळी दार वाजलं. छबूबाई, मागे तिचा नवरा आसाराम, आणि मनकर्णा — डोक्यावर पत्र्याची पेटी.
"लगीन मोडलं. ह्यो बी व्हय म्हनलाय, इचारा. हिला तुमच्यापाशी ठिवा, बाई. शिकू द्या."
पुढे होऊन पेटी उतरवून घेतली.