रेडिओची पूजा आणि दुरुस्ती

रविवार, १९ ऑक्टोबर १९६९. सकाळी ८ वाजून १० मिनिटे.
आत्ताच भाऊजींच्या ट्रान्झिस्टरची पूजा आटोपली. आज खंडेनवमी. आधी विळी, कात्री, सायकल आणि कापडदुकानातला माझा लोखंडी गज पुजला. ट्रान्झिस्टर शेवटी, मान मोठा म्हणून. अगरबत्तीचे घर सापडेना. रेडिओच्या बाजूला इअरफोनचे भोक आहे, त्यात खोचली. अशी बसली, जणू तिच्यासाठीच केले होते. विझल्यावर उरलेली काडी भोकाशी नीट मोडली, वर कुंकवाचे बोट लावले. कामात टापटीप हवी.
माझ्या बहिणीने, प्रेमिलाताईने, बजावले, "कुंकू कोजागिरीपर्यंत पुसू नको गा."

रात्री ९.
रेडिओ मुका. दिवा लागतो, आवाज नाही. भाऊजी म्हणाले, "सकाळी तर भजनं वाजून राहिली होती. तू काय केलं?" मी म्हणालो, पूजा. पूजेने काही बिघडत नाही, हे दोघांनाही पटले.

सोमवार, २० ऑक्टोबर. दसरा.
घाबरायचे कारण नाही. पण शुक्रवारी कोजागिरीला खाप्याचे चंपतराव मला पाहायला येणार. त्यांच्या गोपिकेला मी एकदा पाहिले आहे, त्यानंतर दुसरे काही नीट दिसत नाही. भाऊजींनी त्यांना सांगून ठेवले आहे, "आमचा साळा रेडिओ मेकॅनिक आहे." खोटे नाही. टपालाने कोर्स चालू आहे, बारांपैकी नऊ धडे आले. चंपतरावांचा निरोप: "घरचा रेडिओ वाजवून दाखवा, पोरगी तुमची."
म्हणजे रेडिओ वाजला पाहिजे. वाजेल. सेल उतरले असणार. सोपे आहे.

मंगळवार.
नवे सेल घातले. मुका. म्हणजे सेल नव्हते. शोध पुढे सरकला.

बुधवार, सायंकाळी ६.
धडा तिसरा सांगतो, आवाज नसल्यास प्रथम इअरफोन लावून पाहावा. त्या भोकावर पूजेचे कुंकू आहे. म्हणून तिसरा सोडला, थेट नववा घेतला. मागचे झाकण उघडले. आत फारच गर्दी आहे. सगळ्या तारा एकेक ओढून पाहिल्या. एक निघाली. ती सैलच असणार, नाहीतर निघाली कशी?
आवाजाचे बटण पूर्ण फिरवून ठेवले आहे, म्हणजे आवाज आला की लगेच कळेल.

गुरुवार, सकाळी.
रात्री कथिलाने तार झाळली. थोडे बोट झाळले. झाकण बसवल्यावर तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे घालत असावी.
भाऊजी म्हणाले, "बर्डीच्या बाजारात नेऊन दाखव ना गा मेकॅनिकले." मी विचारले, मेकॅनिक मेकॅनिककडे जातो का? भाऊजी कपाळाला हात लावून अंगणात गेले. मान्य असावे.
शेजारच्या तुळसाबाईंचा रेडिओ खणखणीत वाजतो. म्हणजे आकाशवाणी बिघडलेली नाही. हा मुद्दा निकालात निघाला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. कोजागिरी. दुपारी.
योजना तयार. रेडिओ खिडकीत ठेवायचा. चंपतराव बसले, मी खोकलो की खिडकीपलीकडे तुळसाबाई आपला लावतील. त्या म्हणाल्या, "लावतो बा, पण लग्नात मले साडी लागन."

रात्री ११.

चंपतराव आले, सोबत त्यांची बहीण रुखमाबाई. आटवलेल्या दुधाचे पेले हातात. मी बटण दाबले, खोकलो. तुळसाबाईंना ऐकू गेले नाही. पुन्हा खोकलो. चंपतराव म्हणाले, "पोराले खोकला आहे का वं?" तेवढ्यात रुखमाबाई रेडिओवरच्या कुंकवाला नमस्कार करायला वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. "अगा, याच्या कानात काडी काहून खुपसली?" मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी कमरेच्या किल्ल्यांतले कानकोरणे काढून कुंकवासकट काडी उपसली.
सनई! बटण पूर्ण फिरवलेले. छपरावरून मांजर पडले. चंपतरावांचे दूध धोतरावर. रुखमाबाई ओरडल्या, "लगीन लागलं वं बाई!" आणि मग, उशिरा का होईना, तुळसाबाईंनीही आपला लावला. दोन सनया.
चंपतराव धोतर झटकत विचारत होते, "इथं मेकॅनिक कोन आहे? माही बहीण?"
नोंद: आतले सर्व मी आधीच नीट केलेले होते. काडी हा केवळ बाहेरचा दोष; रेडिओ तिला इअरफोन समजून गप्प बसला होता.

रविवार, २६ ऑक्टोबर.
भाऊजी खाप्याहून निरोप घेऊन आले. पोरगा पसंत! गोपिका काडीची गोष्ट ऐकून इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि हो म्हणाली. मी घरभर नाचलो. मग भाऊजींनी उरलेला निरोप सांगितला: "लग्नात रेडिओ देनार होतो. आता पाण्याचा पितळेचा गुंड देतो. त्याले स्क्रू नसतात."

हिशेब.
सेल २.४०, पेचकस १.२५, कथील ०.७५, चंपतरावांच्या धोतराची धुलाई ०.२५. एकूण ४.६५.
पैकी भाऊजींकडून उसने ३.००.
देणे: तुळसाबाईंना साडी.
शिल्लक: स्क्रू तीन, काडी एक.